सायनसच्या ऑपरेशननंतरचे तीन महिने: काय करायचं, कोणत्या क्रमानं, आणि कुठे चुकतं

ऑपरेशननंतर दहाव्या-बाराव्या दिवशी फोन यायचा. "सिस्टर, नाक परत बंद झालं. आधीपेक्षा जास्त. ऑपरेशन फसलं वाटतं." ईएनटी ओपीडीत मी २५ वर्षं काढली, आणि हा फोन कधी चुकला नाही. दुसरा फोन दीड-दोन महिन्यांनी यायचा: "आता एकदम बरं आहे, म्हणून नाक धुणं सोडलं. चालेल ना?" पहिला फोन करणाऱ्याचं बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसायचं. दुसरा फोन करणाऱ्याचं बिघडायला नुकती सुरुवात झालेली असायची.

सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या. दुर्बिणीतून होणाऱ्या सायनसच्या ऑपरेशनात पॉलिप, म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला नाकातलं मांस म्हणतात ते, काढतात आणि सायनसची बंद तोंडं रुंद करतात. आतल्या अस्तराची सूज हा मूळ आजार मात्र तिथेच राहतो. रुंद झालेल्या वाटेनं आता पाणी आणि औषध आतपर्यंत पोचू शकतं. ते पोचवायचं काम तुमचं, रोजचं, महिनोन्‌महिने.

खालचे टप्पे बारा आठवड्यांहून जास्त काळ सायनसचा त्रास असलेल्या आणि त्यासाठी ऑपरेशन झालेल्या किंवा ठरलेल्या माणसांसाठी आहेत. डिस्चार्जच्या कागदावर सर्जननं वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळायचं. त्यांनी तुमचं नाक आतून पाहिलेलं आहे.

टप्पा १: ऑपरेशनच्या आधीचा आठवडा

पहिलं काम वहीचं. एका पानावर पाच ओळी लिहा: नाक बंद, घशात उतरणारा शेंबूड, चेहऱ्याचं जडपण, वास, झोप. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण द्या. शून्य म्हणजे काही त्रास नाही, पाच म्हणजे असह्य. वर तारीख घाला. डॉक्टर याच कामासाठी २२ प्रश्नांची यादी वापरतात. तिचे जास्तीत जास्त गुण ११० होतात आणि साधारण ९ गुणांनी आकडा उतरला तर फरक खरा मानतात. घरी पाच ओळी पुरेत. हे पान ऑपरेशनच्या आधीच भरायला हवं, कारण नंतर "आधी किती त्रास होता" हे कुणालाच नीट आठवत नाही. तिसऱ्या आठवड्यातल्या निराश माणसाला तर मुळीच नाही.

दुसरं काम गोळ्यांचं. रोज घेता ती प्रत्येक गोळी, लसणाच्या किंवा फिशऑइलच्या कॅप्सूलपासून काढ्याच्या चूर्णापर्यंत, लिहून सर्जनना दाखवा. यातल्या काहींनी रक्त पातळ होतं. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. किती दिवस आधी थांबायचं की थांबायचंच नाही, हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात. दमा असेल, किंवा ॲस्पिरिन वा ब्रुफेनसारख्या गोळीनं कधी धाप लागली असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. दमा, पॉलिप आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी हे त्रिकूट एकत्र असलेल्यांना पॉलिप परत येण्याचा धोका जास्त असतो आणि त्यांची पुढची औषधंही वेगळी ठरतात.

तिसरं काम बहुतेक जण करत नाहीत, आणि मला तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: नाक धुण्याचा सराव ऑपरेशनच्या आधी करा. नाक पूर्ण बंद असेल तर पाणी पलीकडून येणार नाही, तरी बाटली धरायची कशी, वाकायचं किती, श्वास कुठून घ्यायचा हे हाताला कळतं. दुखऱ्या, सुजलेल्या नाकावर पहिल्यांदाच प्रयोग केला की माणूस घाबरतो आणि सोडून देतो.

घरात आणून ठेवायच्या वस्तू:

- नाक धुण्याच्या, दाबता येणाऱ्या दोन बाटल्या (२०० ते २५० मिली) आणि मिठाच्या तयार पुड्या
- झाकणाचं एक पातेलं, फक्त या पाण्यासाठी
- जास्तीच्या दोन उशा, जुनी चादर, गॉजचे तुकडे
- पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रमाणात

झोपायच्या खोलीतला पंखा, पडदे आणि गाद्या आधीच साफ करून घ्या, म्हणजे नंतर ती धूळ उडणार नाही. पावसाळ्यात आपल्याकडे, गोव्यात, भिंतीला बुरशी धरतेच. ती पुसायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी, पेशंट घरात नसताना करावं. आणि तारीख निवडायची मोकळीक असेल तर चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर ऑपरेशन ठेवू नका. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधणं, अगरबत्त्या, फटाके, पाहुणे आणि "थोडं वाकलं तर काय होतं" हे सगळं एकाच आठवड्यात येतं.

टप्पा २: पहिले ४८ तास

नाकात पॅक (रक्त थांबवायला आत भरलेला बोळा) असेल तर तोंडानंच श्वास घ्यावा लागतो. घसा कोरडा पडतो आणि कानात दडे बसतात. पॅक साधारण एक-दोन दिवसांत काढतात. विरघळणारा पॅक असेल तर तो काढत नाहीत. पुढचे एक-दोन आठवडे त्याचे जेलीसारखे, तपकिरी तुकडे पडत राहतात. त्याला घाबरू नका. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याचंही ऑपरेशन झालं असेल तर आत प्लास्टिकच्या पट्ट्या असू शकतात, त्या नंतर काढतात. अशा वेळी वरचे पुढचे दात काही आठवडे बधिर वाटू शकतात.

डोकं उंच ठेवून झोपा, दोन-तीन उशा घेऊन, पहिला आठवडाभर. सपाट झोपलं की सूज वाढते.

खाणं कोमट आणि मऊ. उकड्या तांदळाची पेज उत्तम, फक्त ती वाफाळती नको. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कारण कुंथलं की दाब थेट नाकातल्या ताज्या जखमेवर येतो. गिळलेल्या रक्तामुळे एखादी उलटी किंवा काळसर शौच होऊ शकते.

दोन आठवडे पाळायच्या गोष्टी:

- नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून येऊ द्यायची, दाबायची नाही.
- खाली वाकायचं नाही, पाच किलोपेक्षा जड उचलायचं नाही. गॅसचा सिलिंडर, नारळाचं पोतं, विहिरीतून पाणी ओढणं, सगळं दुसऱ्यावर सोपवा.
- दारू नाही. सर्दीवर नाकाला फेणी चोळायची घरगुती सवय असेल तर तीही नाही.
- दुखलं तर पॅरासिटामॉल. दुकानातून सांगून आणलेली दुसरी कुठलीही दुखीची गोळी नको.

नाकाखाली बांधलेला गॉज पहिल्या दिवशी अनेकदा बदलावा लागतो. थेंब-थेंब लालसर पाणी येणं अपेक्षित आहे.

रक्त आलं तर: ताठ बसा, किंचित पुढे झुका, तोंडात आलेलं थुंका, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं चिमटीत धरा आणि मधे सोडून बघू नका. मान मागे टाकायची नाही, रक्त घशात जातं. दुर्वांचा रस, कांद्याचा रस, तूप, कापसाचा बोळा यांतलं काहीही नाकात घालायचं नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा. ऐन वेळी ते मायेपोटीच पुढे येतात आणि त्यांना थांबवणं जड जातं.

लगेच निघायची लक्षणं. यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका:

- पंधरा-वीस मिनिटं दाबूनही न थांबणारं किंवा धारेनं येणारं रक्त
- दिसणं कमी होणं, एकाचे दोन दिसणं, डोळा सुजून पुढे येणं
- एकाच नाकपुडीतून, विशेषतः वाकल्यावर, पाण्यासारखं पातळ स्वच्छ गळणं
- ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर, मान ताठणं, सहन न होणारी डोकेदुखी, गुंगी

सर्जनना फोन करत करतच निघा. फोन लागला नाही तर १०८ ला लावा, किंवा बांबोळीच्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) तातडीच्या विभागात जा. पेडणे, सत्तरी, काणकोणसारख्या लांबच्या गावांतल्या लोकांनी पहिल्या दोन रात्री गाडीची सोय आधीच बोलून ठेवावी.

टप्पा ३: नाक धुणं

कधी सुरू करायचं ते सर्जन सांगतील. साधारणपणे पॅक निघाल्यावर, एक-दोन दिवसांत सुरू होतं. पहिले काही आठवडे दिवसातून दोन ते चार वेळा, पुढे एक-दोन वेळा.

*पाणी.* इथे तडजोड नाही. नळाचं, विहिरीचं, झरीचं पाणी थेट नाकात घालायचं नाही. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूला सूज आणणाऱ्या अमिबाचे रुग्ण सापडले, ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. यातला एका जातीचा अमिबा नाकावाटेच मेंदूत शिरतो. पोटात गेलेल्या पाण्यातून त्याचा धोका नसतो, म्हणून "आम्ही हेच पाणी पितो" हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. फिल्टरचं पाणी, दुकानातलं बाटलीबंद पाणी हेसुद्धा निर्जंतुक नसतं. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट तसंच उकळू द्या, झाका आणि झाकलेलंच निववा. चोवीस तासांत वापरा, उरलेलं ओता.

*मीठ.* तयार पुडी सगळ्यांत सोपी. ती नसेल तर औषधाच्या दुकानातली नॉर्मल सलाइनची बाटली चालते, पण एकदा फोडली की तीही चोवीस तासांत संपवायची. घरीच करायचं तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात ९ ग्रॅम बिनआयोडीनचं शुद्ध मीठ, म्हणजे सपाट दीड चमचा, आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर ही वेगळी वस्तू आहे, ती नको. मिठागरातलं खडं मीठ मासळीला आणि लोणच्याला कितीही चांगलं असलं तरी नाकाला नको, कारण त्यात माती आणि वाळू असते आणि माप दरवेळी चुकतं. मीठ कमी पडलं की नाक झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं. निव्वळ साधं पाणी तर सगळ्यांत जास्त झोंबतं. झोंबलं म्हणून धुणं सोडू नका, आधी माप तपासा.

*कृती.*

१. हात साबणानं धुवा. पाणी मनगटावर टाकून पहा. कोमट लागलं पाहिजे, गरम नाही.

२. बेसिनवर कमरेतून थोडं झुका. दोन आठवडे वाकायला मनाई आहे हे खरं, पण हे एवढं झुकणं त्यात येत नाही. खाली ठेवलेल्या बादलीवर मात्र वाकू नका, बेसिन नसेल तर बादली स्टुलावर ठेवा.

३. तोंड उघडं ठेवा, तोंडानं श्वास घ्या. हलकेच "आ" म्हणत राहिलं तर पाणी घशात कमी उतरतं.

४. बाटलीचं टोक नाकपुडीशी टेकवा, आत खुपसू नका. दिशा डोक्याच्या मागच्या बाजूकडे, वर भुवयांकडे नाही.

५. हळू, सलग दाबा. अर्धी बाटली एका बाजूनं, अर्धी दुसऱ्या. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून किंवा तोंडातून येईल. मधे गिळू नका, कान बंद होतात.

६. झालं की डोकं डावीकडे, उजवीकडे, मग खाली करून पाणी निथळू द्या. पुढचं फक्त टिपायचं.

जलनेती करणाऱ्यांना इथे खास सांगायचं आहे. नेतीनंतर नाक कोरडं करायला कपालभाती किंवा भस्रिका करायची शिकवण असते. ऑपरेशननंतर हे करू नका, सर्जन हो म्हणेपर्यंत अजिबात नाही. तो जोराचा फुत्कार आणि नाक शिंकरणं, दोन्हींचा जखमेवरचा परिणाम सारखाच. नाकात तेल-तुपाचं नस्यही या काळात नको.

तपासा: धुतल्यानंतर तासा-दोन तासांत, खाली वाकल्यावर नाकातून भसकन पाणी पडलं, तर ते बहुधा सायनसमध्ये अडकलेलं धुण्याचंच पाणी असतं. पण धुणं होऊन बराच वेळ गेल्यावरही, रोज, एकाच बाजूनं स्वच्छ पाणी गळत असेल तर मेंदूभोवतीचं पाणी झिरपत असण्याची शक्यता पाहावी लागते. स्वतः निदान करत बसू नका, सर्जनना त्याच दिवशी कळवा.

*बाटली.* रोज साबण आणि गरम पाण्यानं धुऊन, झटकून, उघडी वाळवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे काहीही वाळत नाही, म्हणूनच वर दोन बाटल्या सांगितल्या. एक वापरायची, एक वाळायची. आत बोटाला बुळबुळीत लागलं किंवा काळे ठिपके दिसले तर टाकून द्या. नाही दिसले तरी दर तीन महिन्यांनी नवी घ्या. बाटली घरात दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नका.

इंजेक्शनच्या २० मिलीच्या सिरिंजनं, सुई काढून, नाक धुणारे पुष्कळ आहेत. काहीच न करण्यापेक्षा ते बरं. पण एवढ्याशा पाण्यानं सायनसपर्यंत पोचणं कठीण, खपल्या तशाच राहतात.

टप्पा ४: आधी पाणी, मग स्प्रे

क्रम उलटा झाला की औषध वाहून जातं. मी पाहिलेल्या चुकांत ही सर्वांत साधी आणि सर्वांत महागडी. महिनोन्‌महिने स्प्रे मारून मग लगेच नाक धुणारे पेशंट "स्प्रेचा उपयोग नाही" म्हणत यायचे.

धुणं, मग दहा-पंधरा मिनिटं थांबणं, मग स्टिरॉइडचा स्प्रे. मान किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा. टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळवा, मधल्या पडद्याकडे नाही. पडद्यावर रोज फवारा बसला की तिथून रक्त येतं. हलका श्वास घ्या, जोरानं ओढू नका, नाहीतर औषध घशात जातं. दोन आठवडे झाले तरी फरक दिसत नाही म्हणून बंद करू नका. या औषधाला आठवडे लागतात. नाकात मारायचा हा स्प्रे पोटातल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांसारखा नाही, त्याचा अंगभर परिणाम फार थोडा असतो.

काहींना बाटलीतल्या पाण्यातच ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडची छोटी कुपी मिसळून धुवायला सांगतात. ते सांगितलं असेल तरच, सांगितलेल्या मापानंच करा.

स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर सकाळी नाश्त्यानंतर घ्या. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर रोज मोजा, ती वाढतेच. गोळ्या टप्प्याटप्प्यानं कमी करायला सांगितल्या असतील तर मधेच तोडू नका.

आणि नाक झटकन मोकळं करणारे थेंब? डॉक्टरांनी रक्त थांबवायला दिले असतील तर तेवढेच. स्वतःहून पाच दिवसांपुढे वापरले की नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं, आणि मग ऑपरेशनला दोष जातो.

टप्पा ५: दुर्बिणीतून सफाई

साधारण पहिल्या आठवड्याअखेर, मग दोन-तीन आठवड्यांनी, मग सहाव्या आठवड्याच्या आसपास डॉक्टर दुर्बीण घालून खपल्या, साकळलेलं रक्त आणि उरलेला पॅक सक्शननं काढतात. लोक दुखण्याच्या भीतीनं ही भेट चुकवतात. चुकवलेल्या भेटीत आतल्या दोन ओल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात, आणि उघडलेली वाट परत बंद होते.

जाताना काहीतरी खाऊन जा, रिकाम्या पोटी चक्कर येते. तासभर आधी दुखीची गोळी घ्यायची का, ते फोन करून विचारा. सोबत माणूस न्या. त्या दिवशी सकाळी नीट धुऊन गेलात तर खपल्या मऊ होतात आणि काम अर्धं होतं. घरी कानकोरणं, सेफ्टीपिन, करंगळी, यांतलं काही वापरून खपली काढू नका.

टप्पा ६: कोणतं लक्षण कधी हलतं

इथे घाई करणाऱ्यांची सर्वांत जास्त निराशा होते, म्हणून थोडं थांबून सांगते.

पहिला आठवडा सुजेचा. नाक बंद, डोकं जड, थकवा. तपकिरी, लालसर शेंबूड.

दुसरा-तिसरा आठवडा खपल्यांचा. नाकात घाण वास येतो, हिरवट-तपकिरी गोळे पडतात, आणि बरं वाटायला लागलेलं नाक परत बंद होतं. सुरुवातीला सांगितलेला तो फोन याच दिवसांतला. ताप नाही, दुखणं वाढत नाही, गोळे धुण्यानं बाहेर येताहेत, तर हे जखम भरण्याचंच काम आहे. नुसता रंग हिरवा म्हणून दुकानातून अँटिबायोटिक आणू नका. उलट ताप आला, एका बाजूचं दुखणं दिवसागणिक वाढत गेलं, तर दाखवा.

चौथ्या ते सहाव्या आठवड्यात बहुतेकांना पहिला खरा फरक कळतो, आणि तो नाक मोकळं होण्याचा. रात्री तोंड बंद ठेवून झोप लागते. चेहऱ्याचं जडपणही याच सुमारास उतरू लागतं.

घशात उतरणारा शेंबूड हट्टी. अस्तरावरचे बारीक केस शेंबूड पुढे ढकलतात, आणि त्यांना परत कामाला लागायला आठवडे, कधी महिने जातात. सहाव्या आठवड्यात घसा खाकरावा लागतो म्हणजे काही बिघडलं असं नाही.

डोकेदुखीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. कपाळ, कानशील दुखण्याचं कारण दर वेळी सायनस नसतं. अर्धशिशी आणि ताणाची डोकेदुखीही तिथेच दुखते. नाक मोकळं झालं, दुर्बिणीत अस्तर स्वच्छ दिसतंय आणि तरी डोकं दुखतंय, तर दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करण्याआधी अर्धशिशीसाठी तपासून घ्या.

वहीतलं पान दर पंधरा दिवसांनी, त्याच वारी, सकाळी भरा. रोज भरू नका. रोजचे चढउतार माणसाला वेडं करतात. खरा हिशोब तिसऱ्या महिन्याच्या शेवटी, पहिल्या पानाशी ताडून.

बुरशीच्या ॲलर्जीमुळे झालेला सायनसचा आजार आपल्या दमट हवेत दिसतो. 'बुरशी' हा शब्द रिपोर्टवर वाचून घरचे हादरतात, कारण २०२१ मध्ये कोविडनंतर आलेला काळ्या बुरशीचा आजार सगळ्यांना आठवतो. तो आजार वेगळा, वेगानं पसरणारा. ॲलर्जीचा हा प्रकार तसा नाही, पण तो परत येतो, म्हणून तो असलेल्यांनी धुणं आणि तपासणी दोन्ही जास्त काळ चालू ठेवायची.

टप्पा ७: काम, प्रवास, पाणी

टेबलावरचं काम साधारण आठवड्यानं. अंगमेहनतीचं, व्यायामाचं दोन-तीन आठवड्यांनी. डिचोली, सांगे भागात खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावरून दुचाकीनं जायचं असेल तर मास्क आणि पूर्ण झाकणारं हेल्मेट, आणि घरी आल्यावर धुणं.

स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी, सुकी मासळी भाजणं, चुलीचा धूर यांपासून पहिले काही आठवडे लांब. आपल्याकडे हे काम बहुधा बाईचंच धरतात, आणि ऑपरेशन तिचं झालेलं असलं तरी चौथ्या दिवशी ती चुलीपुढे दिसते. घरच्यांनी हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

विमान साधारण दोन आठवडे नको. मोपा किंवा दाबोळीहून तिकीट काढण्याआधी सर्जनना तारीख सांगा. समुद्र, नदी, तळी, झरीखालची आंघोळ, तरणतलाव हे सगळं किमान चार-सहा आठवडे बंद. बुडी मारणं आणि स्कूबा त्याहून पुष्कळ लांब, आणि फक्त दुर्बिणीची तपासणी झाल्यावर.

भजन म्हणणाऱ्यांना हळू आवाजात लवकर सुरू करता येतं. शहनाई, बासरी वाजवणाऱ्यांनी मात्र विचारल्याशिवाय फुंकायचं नाही. शिगम्यात, म्हणजे आपल्या होळीच्या सणात, गुलाल उधळतात तिथे पहिले तीन महिने जाऊ नका.

वाफ घ्यायची सर्जननी सांगितली नसेल तर पहिल्या आठवड्यात घेऊ नका, उष्णतेनं रक्त सुटतं. पुढेही उकळत्या पातेल्यावर चादर घेऊन बसण्यात भाजण्याचा धोका मोठा आणि फायदा थोडा.

टप्पा ८: वास

वास सर्वांत बेभरवशाचा. कुणाला तिसऱ्या आठवड्यात कॉफीचा वास येऊन डोळ्यांत पाणी येतं, कुणाचा येतो-जातो, कुणाला वर्षानुवर्षांच्या सुजेनंतर पूर्ण परत मिळत नाही. मधल्या काळात दोन गोष्टी सांभाळा. गॅस गळला तर तुम्हाला कळणार नाही, म्हणून रात्री रेग्युलेटर बंद आणि जमलं तर गॅस ओळखणारा गजर. आणि मासळी ताजी आहे का हे दुसऱ्या कुणालातरी हुंगायला लावा.

सूज उतरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून वासाचा सराव सुरू करा. मूळ पद्धतीत गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास असतात. ओळखीचे वास घेतले तर मन जास्त लागतं: लवंग, लिंबाची साल, तिरफळ, जाईची फुलं. प्रत्येक वास वेगळ्या झाकणाच्या बरणीत. सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकाला वीस-तीस सेकंद, छोटे श्वास घेत, आणि घेताना तो वास कसा होता ते आठवत. किमान बारा आठवडे. निलगिरीनं नाकात गार झिणझिणलं म्हणजे वास आला असं धरू नका, ती दुसऱ्या नसेची जाणीव आहे.

टप्पा ९: तीन महिन्यांनंतर

धुणं दिवसातून एकदा आणि स्प्रे चालूच. कधी कमी करायचं ते दुर्बीण ठरवते, तुम्हाला कसं वाटतं त्यावर ते ठरत नाही, कारण पॉलिप परत वाढताना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. दमा असेल तर पंप चुकवू नका. नाक आणि फुप्फुसं एकाच वाटेवर आहेत, एक बिघडलं की दुसरं बिघडतं.

सर्दी झाली तर धुणं दुप्पट करा. दहा दिवसांत उतरली नाही, वास परत गेला, किंवा वहीतला आकडा लागोपाठ दोन वेळा वर चढला, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता भेट घ्या. जाताना वही, चालू औषधं आणि ऑपरेशनआधीच्या सीटी स्कॅनची फिल्म सोबत न्या. फिल्म घरी कपाटावर राहिली म्हणून नवा स्कॅन काढावा लागलेले पुष्कळ पेशंट मी पाहिले आहेत. ती गुंडाळून ठेवू नका, पाकिटात सपाट ठेवा, आणि पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये.